बडोदे, द्वारकेचा समुद्र आणि एक रबरी कडे

बडोद्याला समुद्र नाही, हे माझ्या भाच्याने मला निदान चारदा ऐकवले असेल. पण पाण्याखाली लागणारी वस्तू मात्र त्याने मला बडोद्याहूनच आणायला सांगितली. मावशीच्या पंचाहत्तरीसाठी चार दिवसांची रजा टाकून मी निघालो होतो. "मामा, बडोदे म्हणजे कारखान्यांचे गाव. तिथे ओ-रिंगा चांगल्या मिळतील. आणाल ना?" असे म्हणून त्याने एका चिठ्ठीवर तीन आकडे लिहून दिले, आणि काड्यापेटीत घालून एक जुने काळे रबरी कडे. मी पेटी पँटच्या खिशात टाकली आणि चिठ्ठी शर्टाच्या. शर्ट मडगावच्या घरी खुंटीवर राहिला. पुढचा सगळा घोळ त्यातून झाला, आणि हा लेखही.

मित्रहो, मी कला शाखेचा पदवीधर, सरकारी कचेरीतला कारकून. इतिहास माझ्या आवडीचा. पान्हे, नट, बोल्ट यांच्याशी माझा संबंध नळ गळायला लागला की येतो तेवढाच. त्यामुळे ओ-रिंग म्हणजे नेमके काय, हेही मला भाच्यानेच सांगितले होते. तो ग्रँड आयलंडच्या बाजूला पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या होडीवर काम करतो. पाणबुड्याच्या पाठीवरच्या सिलिंडरात सुमारे २०० बार दाबाने हवा भरलेली असते. आपल्या मोटारीच्या चाकात असतो त्याच्या जवळजवळ शंभरपट हा दाब. सिलिंडरच्या तोंडावर व्हाल्व असतो, त्या व्हाल्ववर रेग्युलेटर बसतो, आणि रेग्युलेटरमधून श्वास घ्यायचा. पितळेवर पितळ कितीही आवळले तरी हवा कुठून तरी वाट काढतेच. ती वाट अडवते ते हे रबराचे कडे. किंमत विचाराल तर चहाच्या एका कपाच्या आसपास.

ते कडे चुकीचे असले तर काय होते, हे त्याने दोन वर्षांपूर्वी अनुभवले. तेव्हा तो दुसऱ्या एका ठिकाणी कामाला होता. बारा-तेरा मीटर खोलीवर, एका पाहुण्याच्या शेजारी पोहत असताना त्याच्या मानेमागे 'फट्' असा आवाज झाला आणि बुडबुड्यांचा पडदाच उभा राहिला. काट्यावरचा दाब डोळ्यांदेखत उतरू लागला. त्याने पाहुण्याच्या जादा नळीतून श्वास घेतला आणि दोघे हळूहळू वर आले. नियमाप्रमाणे हळूहळू, घाईने वर येणे त्याहून वाईट. होडीवर पाहिले तर व्हाल्वच्या तोंडावरचे कडे खोबणीतून बाहेर ढकलले जाऊन एका बाजूला फाटले होते. डब्यात होते त्यातले 'तसेच दिसणारे' एक कुणीतरी बसवले होते. माझ्या बहिणीला ही गोष्ट आजपर्यंत कुणी सांगितलेली नाही. ती इंटरनेटवर वाचत नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

तर बडोद्याला पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी स्टेशनकडच्या बाजूला रबर आणि पॅकिंगचा माल विकणाऱ्या एका दुकानात गेलो. मावशीचे यजमान, ज्यांना आम्ही काका म्हणतो, बरोबर होते. काका पेट्रोकेमिकल्सच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. बोलणे बडोद्याच्या मराठी माणसाचे, म्हणजे वाक्य मराठीत सुरू होऊन गुजरातीत संपते. दुकानदाराने काड्यापेटीतले कडे हातात घेतले, व्हर्नियर लावला आणि सांगितले: आतला व्यास बारा मिलिमीटर आणि वर काहीतरी, जाडी दीड मिलिमीटरच्या थोडी वर. मग त्याने मागच्या फळीवरून एक पुडी काढली. बारा बाय दीड. "हेच, साहेब. किती देऊ?"

मी 'पन्नास' म्हणणार होतो. काकांनी हात धरला. म्हणाले, जुन्या कड्याचे माप घेऊन नवे घ्यायचे नसते. दाबाखाली वर्षभर राहिलेले रबर चपटे होते, कडेला झिजते. त्याची जाडी कमी भरते आणि आपण आणखी बारीक कडे घेऊन घरी जातो. माप खोबणीचे असते, नाहीतर नंबराचे. "नंबर काय आहे?" नंबर मडगावात खुंटीवर! भाच्याला व्हॉट्सॲप केले तर एकच टिक. तो समुद्रात, तिथे रेंज कुठली? दुकानदार हसून म्हणाला, एवढ्याशा कड्यासाठी कशाला थांबता, अर्ध्या मिलिमीटराने काय होते?

त्या प्रश्नाचे उत्तर मला संध्याकाळी, चिठ्ठीचा फोटो आल्यावर मिळाले. चिठ्ठीवर होते: ०१४, ११२, २१४. प्रत्येकापुढे '९०', आणि पहिल्या दोनांपुढे कंसात 'नायट्राइल'.

या आकड्यांची गंमत काकांनी जेवताना समजावली. अमेरिकन पद्धतीत कड्याच्या नंबरातला पहिला अंक जाडीचा गट सांगतो. शून्याने सुरू होणारी कडी १.७८ मिलिमीटर जाड, एकाने सुरू होणारी २.६२, दोनाने सुरू होणारी ३.५३. पुढचे दोन अंक व्यासाचा क्रम. आता पाहा, ०१४ चा आतला व्यास १२.४२ मिलिमीटर आणि ११२ चा १२.३७. म्हणजे भोक जवळजवळ सारखेच! करंगळीत घालून पाहिले तर फरक कळणार नाही. पण पहिले सिलिंडरच्या व्हाल्वच्या तोंडावर, वरून शिकंजासारखा बसणारा यॉक रेग्युलेटर लावताना लागते, आणि दुसरे आट्यांनी आत जाणाऱ्या डीआयएन रेग्युलेटरच्या टोकावर. एकाच्या जागी दुसरे गेले तर जाड कडे खोबणीत मावत नाही आणि बारीक कडे खोबणी भरत नाही. आमच्या कचेरीत एकाच नावाचे दोन अर्जदार असले की वडिलांचे नाव पाहिल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. इथे वडिलांचे नाव म्हणजे जाडी. आणि दुकानदाराचे बारा बाय दीड हे तर या घराण्यातलेच नव्हे. ते मेट्रिक मापाचे, वेगळ्या कुळातले.

तिसरे, २१४, हे सिलिंडरच्या गळ्याचे. आतला व्यास साधारण २५ मिलिमीटर. पाऊण इंची सरळ आट्याचा गळा असेल तिथे ते लागते. इथे आटे फक्त व्हाल्व धरून ठेवतात. हवा अडवण्याचे काम कड्याचेच. युरोपकडून आलेल्या काही सिलिंडरांचा गळा एम-२५ या मेट्रिक आट्याचा असतो. भाच्याने नंतर सांगितले ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. एका मापाचा व्हाल्व दुसऱ्या मापाच्या गळ्यात काही आटे बसल्यासारखा वाटतो, आणि दाब भरला की तोफेच्या गोळ्यासारखा उडतो. म्हणून गळ्याचे कडे घ्यायचे ते गळ्यावर कोरलेले माप वाचून, आणि ते बदलायचे ते सिलिंडर पूर्ण रिकामे करून, तेही ज्याला त्याचे शिक्षण आहे त्यानेच. होडीवर बदलता येते ते फक्त तोंडावरचे.

'९०' म्हणजे कडकपणा, शोअर नावाच्या मापात. बाजारात सर्रास मिळतात ती ७० ची. बोटाने दाबून पाहिले तर ७० चे कडे जास्त लवचिक, म्हणून चांगले वाटते. मलाही वाटले. पण ओ-रिंग आवळल्याने हवा अडत नाही, हे इथे समजून घ्यायला हवे. बसवताना ते जरासे दाबले जाते इतकेच. मग हवेचा दाबच त्याला खोबणीच्या भिंतीकडे लोटतो, आणि जितका दाब जास्त तितके ते घट्ट बसते. जिच्यापासून राखण करायची तिच्याच जोरावर राखण! म्हणून यॉकचा स्क्रू हाताने आवळला की पुरे, पान्हा लागत नाही. पण लोटता लोटता मऊ रबर धातूच्या दोन भागांमधल्या फटीत घुसू लागते आणि तिथे कुरतडले जाते. भाच्याच्या मानेमागचा तो 'फट्' बहुधा याच जातीचा. २०० बारच्या दाराशी उभे राहायला थोडे ताठ असावे लागते.

राहिला पदार्थ. नायट्राइल हे बडोद्याच्या घरचेच म्हणता येईल, कारण हे कृत्रिम रबर ब्युटाडाइन आणि ॲक्रिलोनायट्राइल या दोन रसायनांपासून बनते, आणि ही दोन्ही काकांच्या कारखान्याच्या आवारात तयार होत. १९६५ मध्ये कोयलीला तेलशुद्धीकरण कारखाना आला, १९६९ मध्ये इंडियन पेट्रोकेमिकल्स स्थापन झाली, आणि सयाजीरावांचे हे वाड्यांचे व तलावांचे शहर नॅफ्थ्याच्या वासाचे झाले. (ती कंपनी पुढे २००७ मध्ये रिलायन्समध्ये विलीन झाली. काका मात्र अजून जुनेच नाव घेतात.) त्या वासाला आम्ही पाहुणे नाक मुरडत असू. काकांनी त्या वासात आयुष्य काढले आणि मुलांची शिक्षणे केली.

साध्या हवेसाठी, तेल-ग्रीसच्या संगतीत, नायट्राइल उत्तम. पण सिलिंडरात ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेली हवा भरायची असेल तर हिशेब बदलतो. जास्त दाबाच्या ऑक्सिजनमध्ये जे एरवी पेटत नाही तेही पेटू शकते. व्हाल्व झटकन उघडला तर दाबाने तापलेला वायूच ठिणगीचे काम करतो. अशा ठिकाणी व्हायटॉन किंवा ईपीडीएम वापरतात, आणि साधे ग्रीस नव्हे तर ऑक्सिजनसाठीचे खास ग्रीस. ईपीडीएमला पुन्हा पेट्रोलियमचे वावडे. व्हॅसलीन लावलेत तर ते फुगून निकामी होते. रंगावर विश्वास ठेवू नये, हेही काकांनी बजावले. व्हायटॉन तपकिरी किंवा हिरवे असते असे दुकानदार सांगतात. काळे व्हायटॉनही असते, आणि हिरवा रंग कशालाही देता येतो. पाकिटावर लिहिलेले वाचायचे. पाकीट नसेल तर घ्यायचे नाही.

"मग सगळीकडे व्हायटॉनच का नाही लावत? महाग म्हणजे चांगलेच असणार," असे मी म्हटले. काकांनी पोळीचा घास तसाच ठेवून मला चॅलेंजरची आठवण दिली. २८ जानेवारी १९८६ च्या गारठलेल्या सकाळी ते अमेरिकन अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटले आणि सात माणसे गेली. कारण निघाले बाजूच्या रॉकेटच्या सांध्यातली ओ-रिंग, आणि ती व्हायटॉनच्याच जातीची होती. थंडीत ती ताठरली आणि सांधा हलला तेव्हा वेळेवर सरकली नाही. पुढच्याच महिन्यात चौकशीच्या बैठकीत रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात धरून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि सर्वांना दाखवला. गोव्याच्या कोमट समुद्रात ती भीती नाही, पण महाग ते चांगले हा माझा हिशेब तिथेच संपला.

हे कडे आले कुठून? १८९६ मध्ये लुंडबर्ग नावाच्या माणसाने स्वीडनमध्ये अशा कड्याचे पेटंट घेतले होते. पण आज जी ओ-रिंग आपण वापरतो ती नील्स क्रिस्टेन्सन याची. डेन्मार्कमध्ये जन्मलेला, १८९१ मध्ये अमेरिकेला गेलेला हा यंत्रज्ञ आधी ट्रामच्या हवेच्या ब्रेकांवर काम करत होता. खोबणी किती रुंद, किती खोल आणि कडे किती जाड याचे गणित त्याने बसवले आणि १९३७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा त्याचे वय बहात्तर होते! आमच्याकडे त्या वयात माणूस पेन्शनसाठी हयातीचा दाखला देत असतो. १९३९ मध्ये पेटंट मिळाले, महायुद्ध आले, विमानांना या कड्यांची गरज पडली आणि सरकारने ते हक्क आपल्याकडे घेऊन इतर कारखान्यांना खुले केले. त्याला एकरकमी ७५ हजार डॉलर मिळाले. १९५२ मध्ये तो वारला. वारसांना आणखी एक लाख डॉलर मिळाले ते १९७१ मध्ये, म्हणजे एकोणीस वर्षांनी. सरकारी फाइल सगळीकडे सारखीच चालते, हे वाचून मला थोडे बरे वाटले, हे कबूल करतो.

त्याच युद्धकाळात, १९४३ मध्ये, फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी मागणीप्रमाणे हवा देणारा रेग्युलेटर तयार केला. माणूस पाठीवर हवा घेऊन समुद्रात मोकळा फिरू लागला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडेपर्यंत वेळ होता म्हणून मी सयाजीबागेतल्या संग्रहालयात गेलो. बडोद्याला समुद्र नाही म्हणतात ना? तिथे सुमारे बावीस मीटर लांबीच्या निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. १९४४ मध्ये हा देवमासा वाट चुकून महीच्या मुखात शिरला होता. त्या बरगड्यांखाली उभा असताना मला वाटले, बडोद्याला समुद्र नाही हे भूगोलाच्या पुस्तकातले सत्य. इतिहासातले वेगळे आहे.

ओखामंडल, म्हणजे द्वारका, बेट आणि ओखा हा सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचा प्रदेश, एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून गायकवाडांच्या ताब्यात आला. बडोद्यापासून शेकडो कोस दूर, मध्ये दुसऱ्या संस्थानांचा मुलूख. तिथल्या वाघेरांनी हे राज्य सुखासुखी मानले नाही. १८५७ ते १८५९ या काळात त्यांनी द्वारका आणि बेट ताब्यातही घेतले होते. पण कागदोपत्री द्वारकेचा समुद्र १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत बडोद्याचा होता. ओख्याचे बंदर सयाजीराव महाराजांच्याच काळात उभे राहिले.

या समुद्राच्या तळाशी काय आहे, याची चौकशीही बडोद्यानेच आधी केली. जेम्स हॉर्नेल हा मोत्यांच्या शिंपल्यांचा जाणकार. त्याने बडोदे सरकारसाठी ओखामंडलच्या सागरी जीवांची पाहणी केली आणि तिच्या अहवालाचे दोन भाग १९०९ आणि १९१६ मध्ये निघाले. त्या पाण्यात मोत्यांचे शिंपले होते, शंख होते, आणि खिडकीच्या तावदानासारखे पातळ, चपटे शिंपलेही होते. आम्हा गोमंतकीयांना ते सांगायला नको. काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने लावलेल्या जुन्या घरांतून येणारा तो दुधी उजेड आम्ही लहानपणापासून पाहिला आहे.

मोत्यांशी बडोद्याचे नाते जुनेच. खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास बसरा मोत्यांनी मढवलेला गालिचा करवून घेतला, मदिनेला अर्पण करण्यासाठी असे म्हणतात. तो तिथे गेला नाही. २००९ मध्ये दोहा येथे लिलावात विकला गेला आणि पुढे कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोहोचला, म्हणजे ज्या आखातातून मोती आले तिथेच परत! ते मोती काढणारे पाणबुडे नाकाला चिमटा, पायाला दगड आणि कमरेला दोरी एवढ्यावर खाली जात. त्यांच्याकडे गळणारे काही नव्हते, आणि एका श्वासात काम संपवावे लागे. म्हणूनच त्यांनी समुद्रातून मोती आणले. तळाचा नकाशा आणणे त्यांना शक्य नव्हते. मोती उचलायला एक श्वास पुरतो. दगडाची लांबी मोजून, दिशा टिपून, चित्र काढायला अर्धा तास लागतो.

आणि इथे आमचा गोवा येतो. १९६३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने द्वारकेत जमिनीवर उत्खनन केले; अन्सारी आणि म. श्री. माटे यांचा अहवाल १९६६ मध्ये आला. पुढे १९७९-८० मध्ये शि. रं. राव यांनी द्वारकाधीशाच्या देवळाशेजारी खोदले. लोथल शोधणारे ते हेच राव. त्यांनी पूर्वी बडोदे संस्थानच्या पुरातत्त्व खात्यात नोकरी केली होती. देवळाशेजारच्या थरांत जुन्या, समुद्राने खाल्लेल्या वस्तीच्या खुणा दिसल्यावर ते दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आले, १९८१ मध्ये तिथे सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू झाले, आणि १९८३ पासून गोव्याचे पाणबुडे द्वारकेच्या समुद्रात उतरू लागले. बडोद्याच्या जुन्या नोकराने गोव्यातली माणसे घेऊन बडोद्याच्या जुन्या समुद्रात शिरावे, हा योग मला फार विलक्षण वाटतो. पणजीहून मिरामार ओलांडले की ती संस्था लागते. आम्ही रविवारी दोना पावलाला हवा खायला जायचो तेव्हा आत काय चालले आहे याचा पत्ताही नसायचा.

त्यांना काय सापडले? साधारण तीन ते बारा मीटर खोलीत घडीव दगड, अर्धवर्तुळाकार बांधकामाचे भाग, आणि शंभराहून अधिक दगडी नांगर. रावांनी याचा संबंध महाभारतातल्या बुडालेल्या द्वारकेशी जोडला आणि काळ इसवी सनापूर्वीच्या पंधराव्या शतकाच्या आसपास नेला. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले. पुढे त्याच संस्थेतल्या अनिरुद्ध सिंह गौर, सुंदरेश आदी अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा उतरून, इतर किनाऱ्यांवरच्या नांगरांशी तुलना करून सांगितले की हे नांगर बहुतांशी ऐतिहासिक आणि मध्ययुगीन काळातले दिसतात आणि बांधकाम बंदराशी संबंधित असावे. रावांच्या धाडसाबद्दल माझ्या मनात आदर आहे. ते नसते तर कुणी उतरलेच नसते. पण कौल द्यायचा तर मी दुसऱ्या बाजूला देईन, कारण ती माणसे जास्त वेळा खाली गेली आणि जास्त मोजून आली. वाद अजून मिटलेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पाणबुड्यांनी द्वारकेत पुन्हा काम सुरू केले.

पावसाळ्यात तो समुद्र माणसाला जवळ येऊ देत नाही. उरलेल्या महिन्यांतही लाटा, गढूळ पाणी. अशा ठिकाणी दिवसाला मिळणाऱ्या दोन डुबक्यांपैकी एक व्हाल्व गळतो म्हणून रद्द झाली, तर तेवढे मोजमाप त्या वर्षी राहिले. नुसते सतत फुसफुसणारे बुडबुडेही वेळ खातात. इतिहासाच्या पुस्तकात 'पाण्याखालील पाहणीत आढळले की' असे सहज लिहिलेले असते. मी आयुष्यभर ते तसेच वाचत आलो. त्या एका वाक्यासाठी होडीवर कुणीतरी सकाळी सहा वाजता कड्यांचा डबा उघडून बरोबर नंबराचे कडे निवडलेले असते, हे बडोद्याच्या त्या दुकानात जाईपर्यंत कधी डोक्यात आले नव्हते. रावांचे बरोबर की गौरांचे, हा वाद घालता येतो तोच मुळी कुणीतरी खाली अर्धा तास श्वास घेऊ शकला म्हणून.

आणखी एक बडोदेकर इथे आठवतात. प्रा. त्रिभुवनदास गज्जर. १८९० मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची शाळा त्यांनी उभी केली, आणि देशी भाषांतून यंत्रविद्या शिकवण्यासाठी शास्त्रीय परिभाषेचा बहुभाषिक कोश हाती घेतला. मुंबईत गेल्यावर डागळलेले मोती रसायनाने उजळण्याची युक्ती शोधून त्यांनी नाव कमावले. तो कोशाचा उद्योग पुढे तसाच चालला असता तर ओ-रिंगला आज मराठी शब्द असता, आणि मला प्रत्येक वेळी 'रबरी कडे' असे अवघडून लिहावे लागले नसते. असो.

सकाळी अकराला आम्ही पुन्हा दुकानात. यावेळी मी नंबर सांगितले. दुकानदाराचा चेहराच बदलला. आतून वेगळे खोके आले. ०१४ नायट्राइल ९० मिळाले, बंद पाकिटात, बनवल्याची तारीख छापलेले. ते पन्नास घेतले. ११२ ची दोन पाकिटे होती. एकावर ७० लिहिले होते, दुसऱ्यावर काहीच नव्हते. पहिले परत केले. दुसरे मी, स्वस्त पडते म्हणून, काकांची नजर चुकवून वीस घेतले. २१४ भाच्याच्या कड्याइतके कडक नव्हते, तेव्हा ते सोडले. नंतर तिथेच रस्त्याच्या कडेला सेव-उसळ खाल्ली. ही बडोद्याची सेव-उसळ म्हणजे गायकवाडांबरोबर आलेल्या मराठी माणसांची आठवणच, असे काका म्हणतात, आणि तिखटाच्या बाबतीत ते खरे असावे.

गोव्याला परतल्यावर रविवारी मी पाकिटे घेऊन भाच्याकडे गेलो. त्याने ०१४ ची पुडी उघडली, प्रत्येक कडे उजेडात धरून बोटांवर फिरवले. कुठे साच्याची शिवण वर आली आहे का, चीर आहे का, ते पाहिले. पन्नासातली दोन बाजूला काढली. उरलेली काळ्या पिशवीत घालून, तोंड बांधून, उन्हापासून दूर डब्यात ठेवली. ऊन आणि मोकळी हवा नायट्राइलला चिरा पाडते म्हणे. बिनपाकिटाच्या वीस ११२ कड्यांकडे त्याने नुसते पाहिले.

"मामा, हे काय आहे?"

"ओ-रिंगा. अगदी त्याच मापाच्या. मी स्वतः व्हर्नियर लावून घेतल्या."

"माप बरोबर असेल. पण रबर कुठले, कडक किती, हे कुठे लिहिलंय?"

मी काही बोललो नाही. त्याने त्यांची पुडी बांधली, वर पेनाने 'पाण्याच्या पंपासाठी' असे लिहिले आणि बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या खणात ठेवून दिली. मग एका सिलिंडरच्या तोंडावरचे जुने कडे लाकडी काडीने काढले (सुईने काढले तर खोबणीला ओरखडा पडतो आणि मग नवे कडेही गळते), खोबणी स्वच्छ कापडाने पुसली आणि बडोद्याचे ०१४ बसवले. ग्रीस लावले नाही. तिथे ग्रीस म्हणजे वाळूला आमंत्रण. रेग्युलेटर चढवला, स्क्रू हातानेच आवळला, व्हाल्व सावकाश उघडला.

अंगणात पाण्याने भरलेले निळे पिंप होते. सिलिंडरचे तोंड त्यात बुडवून आम्ही दोघे वाकून पाहत राहिलो. धातूला चिकटलेले चार-दोन बुडबुडे सुटून वर आले. मग पाणी स्थिर झाले. आतून बहीण विचारत होती, एवढा वेळ काय बघताय त्या पिंपात?

"काही नाही गं आई," भाचा म्हणाला, "मामांनी बडोद्याहून आणलेलं तपासतोय."